धोप्याची पानं आणि सातवी ‘ब’

पाऊस लागला की आमच्या मागच्या अंगणात, मोरीच्या सांडपाण्यावर धोपा नुसता माजतो. पुण्या-मुंबईकडच्या मैत्रिणींनो, धोपा म्हणजे तुमचं अळू बरं का. आमच्या नागपुराकडे ‘अळूची वडी’ म्हटलं तर बाजारातली भाजीवालीसुद्धा क्षणभर थांबून बघते. ‘धोप्याची पानं’ म्हटलं की लगेच जुडी पुढे करते.

गेल्या वर्षी श्रावणात माझी धाकटी नणंद माहेरपणाला आली होती. तिच्या यजमानांच्या नोकरीमुळे ती तीन वर्षं होनोलुलूला, म्हणजे हवाई बेटांवर राहून आली. आम्ही दोघी ओट्याशी पानं पुसत बसलो होतो. मी देठ सोलत होते, ती शिरा लाटत होती. मध्येच ती म्हणाली, “वहिनी, तिकडे ह्या धोप्याला मोठा भाऊ मानतात, माहीत आहे?”

मला वाटलं, थट्टा करतेय. पण नाही. हवाईच्या मूळ रहिवाशांची कथाच आहे तशी. त्यांच्या आदिपुरुषाचं पहिलं मूल जगलं नाही. ते घराजवळ पुरलं, तर त्या जागी अळू उगवलं. मग दुसरं मूल झालं, ते जगलं, आणि त्याला थोरल्याचंच नाव ठेवलं: हालोआ. त्याच्यापासून पुढे माणसांचा वंश चालला. म्हणून अळू हा थोरला आणि माणूस धाकटा. थोरल्यानं धाकट्याला खाऊ घालायचं, धाकट्यानं थोरल्याची निगा राखायची. आपण पानं खातो; ते पानंही खातात, पण त्यांचं मुख्य अन्न खालची अळकुडी. ती शिजवून, कुटून तिची ‘पोई’ नावाची लापशीसारखी खीर करतात. त्या अळकुडीच्या अंगाला जे कोंब फुटतात त्यांना म्हणतात ‘ओहा’, आणि त्यावरूनच कुटुंबाला शब्द आला ‘ओहाना’. एका गड्ड्याला फुटलेले कोंब, ते कुटुंब!

(वडीवरून आठवलं. पानं घशाला खवखवतात ती त्यातल्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. चिंचेचा कोळ घालताना हात आखडता घेऊ नये आणि उंडे वाफवताना घाई करू नये. आमच्या सासूबाई तर चिंच कमी पडली की नुसत्या वासावरून ओळखतात.)

तर सांगत होते ते हे, की नणंदेचा मुलगा तिकडे सहावीत होता. तिथल्या राज्याच्या शिक्षण मंडळानं 2015 मध्ये सगळ्या सरकारी शाळांसाठी सहा गोष्टी ठरवून दिल्या आहेत. आपलेपणा, जबाबदारी, उत्तम काम, अलोहा म्हणजे जिव्हाळा, सर्वांगीण स्वास्थ्य आणि सहावी गोष्ट खुद्द ‘हवाई’, म्हणजे आपण जिथे राहतो ती भूमी. ह्या सगळ्याला मिळून नाव दिलंय ‘हा’. त्यांच्या भाषेत ‘हा’ म्हणजे श्वास. आणि हे त्यांना सहज मिळालेलं नाही हो. 1896 च्या कायद्यानं त्यांच्या शाळांतून त्यांची भाषाच बाद झाली होती. ती पुन्हा राज्यभाषा झाली 1978 मध्ये, आणि हवाई भाषेतून शिकवणाऱ्या बालवाड्या सुरू झाल्या त्या 1984 पासून. एवढं गमावून परत मिळवलेले शब्द आहेत ते.

त्यातला एक शब्द मला फार आवडला. ‘कुलेआना’. म्हणजे हक्कही आणि जबाबदारीही, एकाच शब्दात. नणंद म्हणाली, “वहिनी, तुम्ही मराठी शिकवता ना? सांगा ह्याला मराठी शब्द.” मी विचार करत राहिले. ‘अधिकार’ म्हटलं तर जबाबदारी निसटते, ‘कर्तव्य’ म्हटलं तर हक्क. शेवटी तळणीत वडी सोडताना सुचलं: वाटा! शेतात आपला वाटा असतो आणि कामातही आपला वाटा असतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. दुसरा शब्द ‘लाउलिमा’, म्हणजे पुष्कळ हात मिळून केलेलं काम. त्याला तर आपल्याकडे इर्जिक आहेच. एखाद्याचं शेत मागे पडलं की गावातले चारजण आपापल्या बैलजोड्या घेऊन जातात, नांगरून देतात, मजुरी नाही, फक्त त्या दिवशीचं जेवण. माझे वडील अजून ‘आपण इर्जिक करून टाकू’ म्हणतात, अगदी गव्हाची पोती माळ्यावर चढवायची असली तरी.

आता माझ्या शाळेकडे येते. मी तासिका तत्त्वावर शिकवते, सातवी-आठवीला मराठी. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. सकाळची शाळा, घरचा डबा-बिबा आटोपून मी चौथ्या तासाला पोचते आणि शेवटच्या तासानंतर निघते. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. शाळेच्या जिन्यात दहा मूल्यं रंगवलेली आहेत; तुमच्याही मुलांच्या शाळेत असतील. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून परिपाठात ती ऐकत आलो. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता… परीक्षेला पाठ करून लिहिली सुद्धा आहेत.

सातवी ‘ब’ मध्ये एक मुलगी होती. नाव नाही सांगत. माझ्या तासाला ती रोज हजर. दुसऱ्या बाकावर, निबंध बरा लिहायची, अक्षर तर मोत्यासारखं. माझ्या लेखी ती गुणी मुलगी. प्रथम सत्राचा निकाल लागला आणि प्रगतिपुस्तकं भरायला आम्ही सगळे एका टेबलाशी बसलो. गणितात नापास, इंग्रजीत नापास. मी म्हटलं, “असं कसं? हुशार आहे हो ती.” गणिताचे सर म्हणाले, “कोण हुशार? वर्गात असते कुठे ती?” इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, “माझ्याकडे तर आठवड्यातून एकदा दिसली तर दिसली.” वर्गशिक्षिका विज्ञानाच्या. त्यांनी हजेरी उघडून दाखवली, तर जून महिन्यापासून ‘उशिरा’, ‘उशिरा’, ‘उशिरा’. शारीरिक शिक्षणाचे सर म्हणाले, “उशिरा येते म्हणून मीच तिला फाटकाशी उभी करतो. नियम आहे.” पहिले दोन तास गणित आणि इंग्रजी. ती यायची तिसऱ्या तासाच्या सुमाराला, मग थोडा वेळ फाटकाशी, मग वर्गात. चार महिने!

मैत्रिणींनो, त्या टेबलाशी आम्ही पाचजण होतो. प्रत्येकाला तिची एकेक फोड ठाऊक होती, आख्खी मुलगी कोणालाच ठाऊक नव्हती. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार काय आला? की मी तर चौथ्या तासाला येते, माझा ह्यात काय दोष? तासाचे पैसे मिळतात, तास नीट घेतला, झालं! जिन्यातून उतरताना मात्र ‘वक्तशीरपणा’ आणि त्याच्या खालीच ‘संवेदनशीलता’ वाचलं आणि लाज वाटली. मुलीला आम्ही वरच्या शब्दासाठी रोज उभं केलं होतं, आणि खालचा शब्द आमच्यापैकी कोणाच्या वाट्याला आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका आणि मी तिच्या घरी गेलो. आईचं म्हणणं साधं होतं. “बाई, मी साडेपाचले जातो मेसमधी पोया कराले. नळ सात वाजता येते. थो भरला नाही त दिवसभर पानी नाही. लहानगं पोरगं हाय तीन वर्साचं. माही जाऊ साडेआठले कामावून येते, तिच्यापाशी त्याले ठेवून मंग पोरगी शाळेत येते.” आणि मग जरा थांबून, “येक वर्स घरी राहिली तरी चालते म्हनते तिचा बाप. मी नाही म्हनलं.”

तेवढ्या एका ‘नाही’वर त्या मुलीची शाळा टिकून होती. आम्ही फाटकाशी उभं करून त्या बापाचंच काम सोपं करत होतो. कायदा सांगतो, सहा ते चौदा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आणि सक्तीचं. 2009 चा आहे तो कायदा. पण नळ सातला येतो, ते कायद्याला कुठे कळतं?

डिसेंबरात मोठ्या बाईंनी आम्हा सातवी-आठवीच्या शिक्षकांना एक दिवस सेवाग्रामला नेलं. नागपूरची माणसं सेवाग्रामला पाहुण्यांना घेऊन जातात, बापूकुटी दाखवतात, खादीचे टॉवेल घेतात आणि परत येतात. मीही तशीच दोनदा जाऊन आले होते. वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. ह्या वेळी मात्र शाळेसाठी म्हणून गेलो.

तुम्हाला थोडं मागचं सांगायला हवं. 1937 च्या ऑक्टोबरात, 22 आणि 23 तारखेला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती, गांधीजी अध्यक्ष. सात वर्षांचं मोफत सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हाताच्या कामाभोवती गुंफलेलं, असं तिथे ठरलं. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. पुढे सेवाग्रामला हिंदुस्थानी तालिमी संघ निघाला आणि त्याची शाळा चालवायला शांतिनिकेतनातून एक जोडपं आलं, आशादेवी आणि आर्यनायकम्. त्या बंगाली, ते सिलोनचे तमिळ आणि शाळा वऱ्हाडच्या उंबरठ्यावरच्या खेड्यात! नंतर 1949 मध्ये मार्जोरी साइक्स आल्या, त्या इंग्रज. अशी चार दिशांची माणसं एकत्र आली. मला त्यातल्या तत्त्वज्ञानापेक्षा ह्याचंच जास्त अप्रूप वाटतं, की ह्यांनी एकमेकांशी जमवून कसं घेतलं असेल? आमच्या शिक्षक-खोलीत एका खुर्चीवरून आठवडाभर अबोला चालतो.

त्याचं उत्तर मला वाटतं त्यांच्या एका शब्दात आहे. ‘समवाय’. नई तालीममध्ये हातातल्या कामाशी सगळे विषय जोडून शिकवायचे, त्याला समवाय म्हणतात. समजा मुलं टकळीवर सूत कातताहेत. किती वेळात किती तार निघाले, हे झालं गणित. कापूस काळ्या मातीत चांगला का पिकतो, हा झाला भूगोल. गावचा विणकर बसला आणि मँचेस्टरचं कापड का आलं, हा इतिहास. रोजची नोंद लिहायची ती भाषा. आता बघा, हे एकट्या मास्तरला जमणारच नाही. आज सूत किती निघालं ते कातणाऱ्या शिक्षकानं गणितवाल्याला सांगायलाच हवं. म्हणजे ‘एकमेकांना सहकार्य करा’ अशी पाटी लावावी लागत नाही. काम असं मांडलंय की बोलल्यावाचून सुटकाच नाही. आणि मुलांनाही नुसतं बसायचं नसे. त्यांची आमसभा भरायची, स्वयंपाक, सफाई, आरोग्य ह्यांचे मंत्री मुलांतूनच निवडले जायचे. पटत असेल तुम्हालाही: ज्या घरात पाणी कोणी भरायचं हे ठरलेलं असतं, तिथे पाण्यावरून भांडण कमी होतं.

त्यातलं सगळंच मला पटतं असं नाही हं. मुलांच्या सुतावर शिक्षकांचा पगार निघावा, ही कल्पना मला आजही खटकते. त्या वेळी परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी विरोध केला होता, आणि झाकीर हुसेन समितीनंही बजावलं होतं की कमाईच्या पायी शिक्षण बुडता कामा नये. ती कल्पना मागे पडली ते बरंच झालं. वाईट झालं ते निराळंच. पुढे देशभर टकळी शोभेची झाली आणि 1964 ते 66 च्या कोठारी आयोगानंतर ‘कार्यानुभव’ आला. आमच्या शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवतो ना? क्रेप कागदाची फुलं! आणि बाई आजारी असल्या तर तेही नाही.

सेवाग्रामच्या आवारात 2005 पासून ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा पुन्हा सुरू आहे, नई तालीमच्याच वाटेवरची. तिथे मुलं बागेत आणि स्वयंपाकघरात खरंखुरं काम करतात आणि त्यातूनच हिशेब, विज्ञान शिकतात. मुलगे पोळ्या लाटतात म्हटल्यावर आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इंग्रजीच्या बाई पटकन म्हणाल्या, “सर, घरी सांगू का वहिनींना?”

दुपारी झाडाखाली डबे सोडले. गणिताचे सर एरवी फारसे बोलत नाहीत. ते एकदम म्हणाले, “आपल्याकडे टकळी नाही, बाग नाही. आपल्याला बोलायला लावणारं काम कोणतं?” कोणी काहीच बोललं नाही. मग विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, “आपलं काम म्हणजे सातवी ‘ब’.” मला धोप्याचा गड्डा आठवला आणि मी नणंदेची सगळी गोष्ट सांगितली: ओहाना, कुलेआना, वाटा. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वाटा ठीक आहे. पण वाटण्या लिहून काढू, नाहीतर परत जिन्यातली पाटी व्हायची.” गणिताचा माणूस!

परत आल्यावर वेळापत्रक टेबलावर पसरलं. बायकांना हे सांगायला नको की, एका डब्याची जागा बदलायची तर सगळं मांडणीचं फडताळ हलवावं लागतं. पहिले दोन तास गणित-इंग्रजीऐवजी दुसरं काही घालायचं, तर कोण हलणार? आणि इथे गंमत झाली. शारीरिक शिक्षणाचे सर म्हणाले, “मला द्या पहिला तास. मी तीन वर्षं मागतोय. दहानंतर नागपूरच्या उन्हात पोरं पळवणं म्हणजे पाप आहे.” तीन वर्षं मागत होते, आणि आम्हाला पत्ताच नव्हता! चित्रकलेच्या बाई मात्र सहजी तयार झाल्या नाहीत. “माझा विषय काय वाया घालवायचा आहे?” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. शेवटी आठवड्यातले दोन दिवस त्यांनी दुसरा तास घेतला, आणि त्या बदल्यात इंग्रजीच्या बाईंनी त्यांना स्नेहसंमेलनाच्या पडद्यांचं काम वाटून घेण्याचं कबूल केलं. उरलेल्या दिवशी दुसऱ्या तासाला माझं वाचनालय. म्हणजे मला घरून दीड-दोन तास लवकर निघणं आलं.

आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास बसायचं, असं ठरलं. विषय एकच, सातवी ‘ब’. प्रत्येकानं गेल्या आठवड्यात कोणाचं काय खटकलं ते सांगायचं. मार्क नाहीत, वागणूक नाही. काय दिसलं तेवढंच. पहिल्याच शनिवारी कळलं की एक मुलगा फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो. मी त्याला नक्कल करतो म्हणून रागावले होते, विज्ञानाच्या बाईंनी पुढे बसवलं होतं, आणि गणिताच्या सरांना तो ‘मठ्ठ’ वाटत होता. तिघांचं जोडल्यावर उत्तर मिळालं: चष्मा.

आमच्या ह्यांनी अर्थात विचारलं, “शनिवारच्या अर्ध्या तासाचे पैसे देतात का?” नाही देत. ह्यांचं विचारणं रास्त आहे. तासिकेवरच्या बाईनं फुकट राबायचं आणि त्याला गोड शब्द जोडायचे, हे मलाही मान्य नाही. मोठ्या बाईंना मी तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी बैठकीचा अर्धा तास सोडून दिला नाही, पण महिन्यातून दोन बदली तास माझ्या नावावर लावून दिले. त्यांच्या हातात तेवढंच होतं. शब्द हवाईचा असो की सेवाग्रामचा, ज्याच्या वाट्याला काम येतं त्याच्या वाट्याला काहीतरी यावंही लागतं. कुलेआनात दोन्ही आहे, हे मी नणंदेला फोनवर मुद्दाम सांगितलं.

ती मुलगी गणितात पास झाली; काठावर. मधल्या सुट्टीत सर तिला आणि आणखी चौघांना अपूर्णांक पुन्हा शिकवत होते, त्यांच्या डब्यातली पोळी बऱ्याचदा तशीच घरी जायची म्हणे. इंग्रजी अजून कच्चं आहे. फाटकाशी उभं करणं बंद झालं, पण उशीर बंद झालेला नाही. नळ सातलाच येतो. आता ती आठवीत आहे, आणि आठवीचं वेळापत्रक नव्यानं लागलंय, त्यात पहिला तास परत गणिताचा आलाय. येत्या शनिवारी त्यावर बसायचं आहे. शारीरिक शिक्षणाच्या सरांना निवडणुकीच्या यादीचं काम लागलंय, ते येतील की नाही कोणास ठाऊक. चित्रकलेच्या बाई येणार आहेत. त्यांनी मला धोप्याची पानं आणायला सांगितली आहेत, बारा मोठी आणि सहा कोवळी.